सही नसलेली नक्षी

कोरीव नक्षीची जुनी रिव्हॉल्व्हरे जमवणारा माणूस म्हटला की आपल्यासमोर बंदुकांचा शौकीन उभा राहतो. माझ्या मते तो मुळात कागदपत्रांचा शौकीन असतो. मी आयुष्यात बंदूक हाती धरलेली नाही. आमच्या शाखेच्या दारातल्या रखवालदाराची तेवढी रोज पाहिली. पण तीन तपे खातेवह्यांत घालवल्यामुळे या अमेरिकी छंदातली खरी मेख मला चटकन कळते.

हार्टफर्डचा कारखानदार सॅम्युअल कोल्ट हा पक्का व्यापारी. क्रिमियाचे युद्ध चालू असताना, १८५४ साली, त्याने रशियाच्या झारला सोन्याने मढवलेले रिव्हॉल्व्हर नजर केले. तिकडे तुर्की सुलतानाकडेही त्याच्या भेटी पोचल्या. दोन्ही घरचा पाहुणा तो! झारचे ते रिव्हॉल्व्हर आज हर्मिटेज संग्रहालयात आहे आणि त्याचे जोडीचे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. घेणाऱ्याचे नाव असे पिढ्यान्‌पिढ्या टिकते. कोरणाऱ्याचे?

इथे एक गंमत आहे. कोल्टच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या नळकांड्यावर १८४३ च्या एका आरमारी लढाईचे चित्र असते, आणि त्याखाली डब्ल्यू. एल. ऑर्म्सबी हे नाव. ऑर्म्सबी हा बँकनोटांचे ठसे कोरणारा, बनावट नोटा कशा रोखाव्यात यावर पुस्तक लिहिणारा. (आमच्याच बिरादरीतला म्हणायचा!) पण ते चित्र यंत्राने दाबून हजारो नळकांड्यांवर उमटवलेले. याउलट जर्मनीतून आलेल्या गुस्ताव्ह यंगसारख्या कारागिरांनी हाताने एकेक पाकळी कोरली, त्या कामावर सही बहुधा नसतेच.

बनावटगिरीला वाव मिळतो तो इथेच. अस्सल पण साधे रिव्हॉल्व्हर घ्यायचे, त्यावर आज वेलबुट्टी पाडायची आणि अनेक पटींनी विकायचे. जाणकार पाहतो ते हे, की कारखान्यात नक्षी आधी कोरली जाई, पोलाद कठीण करणे आणि रंग चढवणे नंतर. मागाहून मारलेली छिन्नी तयार पृष्ठभाग फाडते. शिवाय कोल्ट कंपनी शुल्क घेऊन क्रमांकावरून जुन्या नोंदीचे पत्र देते. ‘नक्षीदार’ असा शब्द नोंदीत नसला की सौदा बहुधा तिथेच थांबतो. मात्र १८६४ च्या आगीत कारखान्याचा मोठा भाग जळाला, आणि त्याआधीच्या नोंदी थोड्याच उरल्या आहेत.

म्हणून मला न्यूयॉर्कचा एल. डी. निम्श्के फार मोठा वाटतो. काम पुरे झाले की तो नक्षीत शाई भरून कागदावर ठसा घेई आणि वहीत चिकटवून ठेवी. ती वही १९६५ साली छापली गेली आणि कित्येक अनामिक रिव्हॉल्व्हरांना त्यांचा कारागीर सापडला. कारकुनाची शिस्त, दुसरे काय!

आजचे श्रीमंत संग्राहक नेमके उलटे करतात. वस्तू तिजोरीत आणि छायाचित्रही कुणाला नाही. चोरीची धास्ती, कराची धास्ती. मला हे मान्य नाही. वस्तू खुशाल कुलपात ठेवा, पण नक्षीचे जवळून घेतलेले फोटो, क्रमांक आणि कारखान्याचे पत्र एखाद्या संग्रहालयाच्या ग्रंथालयात ठेवायला काय हरकत आहे? मालकाचे नाव हवे तर झाकून टाकावे. यंगच्या हाताशी ताडून पाहायला दहा अस्सल नमुने उघड असले, तर अकरावा खोटा विकणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागेल.