विकलेलं परत का घेतलंत?

सोनीच्या प्लेस्टेशन विभागातल्या कारभाऱ्यांनो,

तारीख तुम्हाला सांगायला नको. १ एप्रिल २०१०. प्लेस्टेशन ३ साठी तुम्ही ३.२१ क्रमांकाचं अपडेट सोडलंत आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या यंत्रातली एक सोय काढून घेतलीत.

सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अदर ओएस' अशी एक ओळ असायची. त्याआधी हार्ड डिस्कची वाटणी करायची: दहा जीबी एका प्रणालीला, उरलेली जागा दुसरीला. मग त्या खेळाच्या डब्यात लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली बसायची. कीबोर्ड-माउस जोडला की झाला संगणक. अपडेटनंतर ती ओळच गेली.

इतक्या वर्षांनी हे का उकरून काढता, असं तुम्ही म्हणाल. मी चंद्रपुरात जुने संगणक दुरुस्त करतो. कचेऱ्यांच्या लिलावातून निघालेले, नवं विंडोज न पेलणारे. त्यांत लिनक्स टाकलं की ते पुन्हा चालायला लागतात आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली-भामरागडकडच्या पोरांसमोर जातात. एकेका कामाला एकेक यंत्र घ्यायची ऐपत आमच्याकडे फार थोड्या घरांत असते. टीव्हीला जोडायचा डबा घेतलाच, तर त्यावर खेळ व्हावा, अभ्यास व्हावा, अर्जही टाइप व्हावा.

तुमचा डबा नवा होता तेव्हा तो आमच्या आवाक्यातला नव्हताच. पण आमच्या भागात वस्तू तिसऱ्या-चौथ्या हातानं येते. तो डबाही तसाच आला असता. आमच्यापर्यंत पोचायच्या आधीच तुम्ही त्याला कुलूप घातलंत. आणि मालक बदलला तरी किल्ली तुमच्याचकडे कशी राहते?

भाषेचंही तेच. तुमच्या मेनूत जपानी होती, फिनिश होती, डॅनिश होती. मराठी नव्हती. लिनक्समध्ये ती होती, कारण पुण्यात बसून मराठी माणसांनी मेनूतला शब्द न् शब्द मराठीत आणला होता. त्या डब्यात मराठी शिरायला तेवढं एकच दार होतं.

हे दार आम्ही मागितलं नव्हतं, तुम्हीच उघडलं होतं. २००२ साली प्लेस्टेशन २ साठी लिनक्सचा संच तुम्हीच विकलात, हार्ड डिस्क, कीबोर्ड, माउस सगळं त्यात घालून. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आला तेव्हा हे निव्वळ खेळणं नाही, हा संगणक आहे, असं तुमचे तेव्हाचे प्रमुख केन कुतारागी जगाला सांगत होते. लोकांनी ते खरं मानलं. गौरव खन्ना नावाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ इथे २००७ मध्ये आठ प्लेस्टेशन जोडून कृष्णविवरांची गणितं सोडवली. त्यांना तर तुम्हीच मदत केलीत. अमेरिकेच्या हवाई दलानं पुढे सतराशेहून जास्त डबे जोडून महासंगणक उभा केला. तेव्हा कौतुक घेताना हात आखडला नाही तुमचा.

ऑगस्ट २००९ मध्ये तुम्ही 'स्लिम' मॉडेल जाहीर केलंत, त्यात ही सोय नव्हती. ठीक, नव्या मालाचं तुम्ही ठरवा. पण जुन्या यंत्रांतली सोय पुढच्या कुठल्याही अपडेटनं बंद होणार नाही, हे तुमच्याच माणसानं तेव्हा लेखी दिलं होतं. त्या शब्दाला वर्षही झालं नाही.

कारण काय दिलंत? सुरक्षा. जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणानं यंत्राच्या आतल्या पहाऱ्यातून वाट काढल्याचं जाहीर केलं. एकानं केलं, आणि तुम्ही सगळ्यांचं काढून घेतलंत. वर म्हणालात, अपडेट ऐच्छिक आहे. ऐच्छिक? अपडेट नाकारणाऱ्याला तुमचं नेटवर्क बंद, ऑनलाइन खेळ बंद, नवे खेळही चालण्याची खात्री नाही. दोन्ही गोष्टींचे पैसे आधीच घेतले होते ना? मग त्यातली एक निवड, हे कुठल्या तोंडानं सांगितलंत?

आणि त्यानं सुरक्षा तरी राहिली का? त्याच वर्षी डिसेंबरात बर्लिनच्या हॅकर परिषदेत काही तरुणांनी दाखवून दिलं, की अस्सल प्रोग्राम ओळखणाऱ्या तुमच्या डिजिटल सहीच्या गणितात जो आकडा दर वेळी बदलायला हवा तो कायम तोच होता. लिनक्स परत मिळवायचं म्हणूनच आम्ही यात पडलो, असं ते म्हणाले. ज्यांना तुम्ही सोबती करू शकला असता, त्यांना तुम्ही कोर्टात खेचू लागलात.

अमेरिकेतल्या ग्राहकांनी तुमच्यावर दावा केला. २०१८ मध्ये ३७.५ लाख डॉलरांवर तो मिटला, तोही फक्त तिथल्या ग्राहकांपुरता. भारतातल्या माणसाला ना पैसा, ना दोन शब्द.

हक्क हाती असून किल्ली दुसऱ्याच्या खिशात असणं आम्हाला नवं नाही. तुम्ही तो शब्द दिलात त्याच ऑगस्ट २००९ मध्ये गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. जंगल गावाचं झालं. पण बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. गाव अडून बसलं. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. सरकारी खात्यालाही शेवटी हात सैल करावा लागला. तुम्हाला का जमू नये?

मागे फिरणं तुम्हालाही येतं. मार्च २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ चं ऑनलाइन दुकान बंद करायचं जाहीर केलंत, लोक चिडले, आणि एप्रिलमध्ये तुम्हीच सांगितलंत की निर्णय चुकला होता. मग हा निर्णय अजून बरोबर कसा?

ते यंत्र आता तुम्ही बनवत नाही. त्याच्यावर नवा धंदा उरलेला नाही. ज्या जुन्या मॉडेलांत ती ओळ होती, त्यांच्यासाठी आणखी एक अपडेट सोडा आणि ती ओळ परत घाला. यात अडचण असेल तर ती काय आहे, ते आम्हाला लिहून कळवा.

– चंद्रपूरचा एक संगणक दुरुस्ती करणारा