दिवा विझवावा की दोष शोधावा?

गाडीची चारही दारे व्यवस्थित लावलेली असतात, तरीही समोरच्या फलकावर ‘दार उघडे आहे’ असे सांगणारा तांबडा दिवा जळतच राहतो. अनेक कुटुंबांच्या परिचयाची ही तक्रार आहे. लोअर परळसारख्या सखल भागात, जेथे मोठ्या पावसात रस्त्यावर पाणी साचते, तेथे ती पावसाळ्यानंतर हमखास ऐकू येते. अशा वेळी ‘तार कापून टाका, दिवा जाईल’ असा सल्ला देणाराही कोणी भेटतोच. सल्ला स्वस्त असतो, पण त्याची किंमत मागाहून द्यावी लागते.

या दिव्यामागील रचना साधी आहे. जुन्या गाड्यांत दाराच्या चौकटीवर रबरी टोपीचे एक लहान बटण असते. दार लागले की ते दाबले जाते आणि विजेचा मार्ग तुटतो. दार उघडले की ते बाहेर येते, गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी संपर्क जुळतो आणि दिवा लागतो. नव्या गाड्यांत हेच काम दाराच्या कुलपातील एक सूक्ष्म स्विच करतो व त्याचा संकेत संगणकीय नियंत्रकाकडे जातो. म्हणजे दोषाची ठिकाणे चारच: कुलूप किंवा बटण, स्विच, तार आणि नियंत्रक.

तेरीज जुळली नाही, म्हणून अनुभवी मुनीम सारी खातेवही नव्याने लिहीत नाही. तो एकेक खाते वेगळे काढून तपासतो. येथेही तीच शिस्त उपयोगी पडते. प्रथम कोणते दार दोषी आहे ते ठरवावे. प्रत्येक दार, तसेच डिकी, एकेक करून उघडून पुन्हा घट्ट लावावी. डिकीचा विसर बहुतेकांना पडतो. मग संशयित दार उघडे ठेवून त्याच्या कुलपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने दोन्ही टप्पे होईपर्यंत दाबावी. दिवा विझला तर स्विच शाबूत आहे. दारच पुरते लागत नसावे, बिजागरी खचली असावी किंवा चौकटीवरील अडकवणी सरकली असावी. ही परीक्षा झाल्यावर हँडल ओढून जीभ मोकळी करण्यास विसरू नये. अन्यथा दार लावताना कुलूपच मोडेल.

दिवा विझला नाही, तर कुलपात साचलेली धूळ व वाळलेले ग्रीस स्वच्छ करून पाहावे. कित्येकदा दोष तेवढ्यावरच मिटतो. न मिटल्यास स्विचची जोडणी काढून मल्टिमीटर लावावा. जीभ दाबल्यावर व सोडल्यावर वाचन बदलले पाहिजे. बदलत नसेल तर स्विच निकामी आहे. बदलत असेल तर तार तपासावी. दार आणि चौकट यांच्यामधील रबरी नळीतून जाणारी तार प्रत्येक उघडझापीबरोबर वाकते आणि कालांतराने आतल्या आत तुटते किंवा सोलली जाते. ती नळी हलवताना दिवा लुकलुकला, तर चोर सापडला असे समजावे. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी असलेली छिद्रे मातीने बुजली असतील, तर तीही मोकळी करावीत. एवढी सावधगिरी मात्र हवी: पिवळ्या आवरणातील जोडण्या सामान्यतः एअरबॅगच्या असतात, त्यांना जाणकाराशिवाय कोणी हात लावू नये. नियंत्रकाचा संशय अखेरीस घ्यावा, कारण तोच भाग सर्वांत महाग असतो.

दुर्लक्षाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. दार उघडे आहे असे समजून आतला दहा वॅटचा दिवा जळत राहिला, तर बारा व्होल्टच्या बॅटरीतून तासाला सुमारे 0.83 अँपिअर-तास वीज खर्च होते. चोवीस तासांत ती 20 अँपिअर-तासांवर जाते. 45 अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा जवळजवळ अर्धा साठा झाला. दोन दिवस सुटी घेऊन परतलेल्या व्यापाऱ्याची गाडी सोमवारी सकाळी सुरूच झाली नाही, तर नवल नाही.

तार कापण्यातील धोका याहून मोठा आहे. जुन्या पद्धतीच्या रचनेत तार कापली की गाडी कायमच ‘दार बंद आहे’ असे समजते. मग मागच्या आसनावर नातवंड बसलेले असताना दार खरोखरच अर्धवट लागलेले असले, तरी इशारा मिळत नाही. हा व्यवहार तेरजेतील फरक उचंत खात्यात टाकून वही मिटण्यासारखा आहे. बेरीज जुळते, पण फरक कोठून आला हे कळत नाही.

लोअर परळ स्थानकातून जाणाऱ्या वातानुकूलित लोकलमध्ये याच तत्त्वाचे मोठे रूप दिसते. पश्चिम रेल्वेवर अशी पहिली गाडी 25 डिसेंबर 2017 रोजी धावली. सर्व दारे बंद झाल्याचा संकेत मिळाल्यावरच ती निघते. एखाद्या प्रवाशाने दार अडवले तर साऱ्या गाडीचा खोळंबा होतो. तो खोळंबा त्रासाचा वाटतो, परंतु 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ उघड्या दारांतील प्रवासी रुळांवर पडून मृत्युमुखी पडले, हे आठवले की त्या संकेताचे मोल कळते.

दिवा खोटे बोलत असेल, तर तो का खोटे बोलतो हे शोधून दुरुस्त करावे. स्विच व तार यांचा खर्च सहसा सोसण्याजोगा असतो. इशारा देणाऱ्याचे तोंड बंद करून घडी बसते, असे मात्र दुकानातही होत नाही आणि गाडीतही नाही.