गाडीचा योगक्षेम

‘योगक्षेम’ हा शब्द आपल्या घरांत नित्य कानांवर येतो. परंतु त्यांत दोन निराळे अर्थ आहेत, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. जें आपल्यापाशीं नाहीं तें मिळणें हा योग, आणि जें मिळालें तें नीट राखणें हा क्षेम. वर्गांत हा भेद मीं अनेक वर्षें मुलांना समजावून दिला. मला स्वतःला तो खरा समजला गेल्या वर्षीं, नातवाच्या एका खेळण्यामुळें. आणि तोहि मीं तें बिघडविल्यावर.

मुंजींत आलेले पैसे सांठवून नातवानें ‘रॉक क्रॉलर’ नांवाची गाडी घेतली. खऱ्या जीपच्या एकदशांश आकाराची आणि बिनतारी नियंत्रकावर चालणारी. बिनतारी वाहन ही कांहीं आजची कल्पना नव्हे. निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यू यॉर्क येथें अशी नौका चालवून दाखविली होती. जपानच्या तामिया कंपनीनें १९८१ सालीं चारहि चाकांना ओढ असलेल्या टोयोटा गाडीची प्रतिकृति आणली. पुढें अमेरिकेंतील अ‍ॅक्सिअल, ट्रॅक्सास इत्यादि कंपन्यांनीं खास खडक चढणाऱ्या गाड्या केल्या.

मला वाटलें होतें, ही गाडी घरभर भणभणत पळणार. पण ती माणसाच्या चालीहूनहि हळू चालते! तिचें सारें बळ या मंदपणांतच आहे. मोटरीचा वेग दंतचक्रांनीं पुष्कळ कमी केलेला असतो. वेग जितका उतरतो, तितका जोर वाढतो. साध्या मोटारींत वळतांना बाहेरचें चाक अधिक फिरावें अशी सोय असते. पण एक चाक अधांतरीं लोंबलें कीं तेंच व्यर्थ गरगरतें. क्रॉलरमध्यें आंसाचीं दोन्ही चाकें एकत्र जखडतात. त्यामुळें सपाट जमिनीवर वळतांना टायर घासतात खरे, पण खडकावर एक चाक उचललें गेलें तरी दुसरें ओढीत राहतें. टायर मऊ रबराचे, आंत स्पंज. म्हणजे ते दगडाच्या कंगोऱ्यावर दबून त्याला धरून राहतात. वजन शक्य तितकें खालीं आणि पुढें ठेवतात; नाहीं तर चढावर गाडी मागें उलटते.

श्रावणांतल्या एका रविवारीं आम्ही दोघे पुण्याच्या वेताळ टेंकडीवर गेलों. काळ्या दगडावरून, पावसाच्या ओहोळांतून गाडी चढली. घरीं येतांच नातू म्हणाला, “आजोबा, दहा मिनिटें द्या. गाडी पुसून ठेवतों, बॅटरी काढतों.” सहामाही परीक्षा जवळ आली होती. “परीक्षा झाल्यावर पूस,” असें म्हणून मीं चिखलानें माखलेली गाडी माझ्या वडिलांच्या पोथ्यांच्या कपाटांत ठेवली आणि किल्ली खिशांत घातली. शिस्त लावल्याचें समाधान मला त्या दिवशीं फार झालें!

दिवाळीच्या सुटींत कपाट उघडलें. चाकांचीं बेअरिंगें गंजून घट्ट झालीं होतीं आणि बॅटरी उशीसारखी फुगली होती. नातू एक शब्दहि बोलला नाहीं. तो रागावला असता तर मला बरें वाटलें असतें. त्यानें शांतपणें सांगितलें कीं, अशी बॅटरी पुन्हां भारित करूं नये, टोंचूं नये. ती पेट घेऊं शकते. तिच्या शेजारीं दोनतीन पिढ्यांच्या पोथ्या होत्या, हें मनांत येऊन माझ्या अंगावर कांटा उभा राहिला. आम्हीं ती अंगणांत वाळूच्या बादलींत ठेवली व नंतर इ-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे दिली.

चिरंजीव म्हणाले, “नवी गाडी घेऊन टाकूं.” नातू म्हणाला, “नको बाबा, हीच दुरुस्त करूं.” मग चार दिवस तो गुरु आणि मी शिष्य. सौभाग्यवतींनीं मिसळणाचा जुना डबा दिला. त्याच्या वाट्यांत एकेका भागाचे स्क्रू निरनिराळे ठेवले. टायरांतले स्पंज पिळून वाळविले, गंजलेलीं बेअरिंगें बदलून नव्यांना तेलाचा एकेक थेंब दिला. धातूंत बसणाऱ्या स्क्रूंना ते सैल होऊं नयेत म्हणून विशिष्ट द्रव लावतात. पण प्लॅस्टिकला तो लावूं नये, त्यानें तें ठिसूळ होऊन तडकतें. दोन दंतचक्रें जुळवितांना मध्यें कागदाची पट्टी धरायची, स्क्रू आवळायचा आणि मग पट्टी काढायची. म्हणजे नेमकें अंतर राहतें.

बॅटरीविषयीं त्यानें मला अक्षरशः पाठ दिला. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरला कीं ४.२ व्होल्ट दाखवितो. तो ३ व्होल्टांच्या खालीं उतरला तर बिघडतो. फार दिवस ठेवायची असेल तर सुमारे ३.८ व्होल्टांवर, गाडींतून काढून ठेवावी; भरलेलीहि नको आणि रिकामीहि नको. भारित करतांना तिच्यापाशीं कोणीतरी असावें. चालवितांना आधीं हातांतला नियंत्रक सुरू करावा, मग गाडी. बंद करतांना मात्र आधीं गाडी, मग नियंत्रक. नाहीं तर गाडी कोणाच्या आज्ञेविना धांवूं शकते.

कार्तिकांत आम्ही पुन्हां टेंकडीवर गेलों. परततांच मीं स्वतः जुना ब्रश त्याच्या हातीं दिला आणि घड्याळाकडे पाहिलें नाहीं.

वाचकहो, मुलांना वस्तु घेऊन देणें हा योग आपण हौसेनें साधतों. परंतु क्षेमाला लागणारीं दहा मिनिटें अभ्यासाच्या नांवाखालीं त्यांच्यापासून काढून घेतों, आणि मग ‘हल्लींच्या मुलांना वस्तूंची किंमत नाहीं’ असें म्हणावयास मोकळे होतों. माझ्या नातवाला किंमत होती. कपाटाची किल्ली मात्र माझ्या खिशांत होती.