अंतराच्या आकड्यावर किती विसंबायचे?

‘पृथ्वीसारखा ग्रह सापडला’ ही बातमी आता वर्षातून दोन-चारदा तरी येते. इतर ताऱ्यांभोवतीच्या ज्ञात ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली आहे, तेव्हा बातम्यांना तोटा नाही. पण त्यांतल्या बहुतेकांची मदार एकाच हिशेबावर असते: ग्रह ताऱ्यापासून किती दूर, आणि तेवढ्या उबेत पाणी पाणीच राहील का?

हा हिशेब जुना आहे. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांचा परग्रहांवरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६९८ साली निघाला. प्रत्येक ग्रहावर पाणी असावे, पण ते तिथल्या उष्णतेला मानवेल असे असावे, असा त्यांचा तर्क. १९५९ मध्ये सु-शू हुआंग यांनी ताऱ्याभोवतीच्या राहण्याजोग्या पट्ट्याची कल्पना मांडली. पुढे १९७०च्या दशकाअखेरीस मायकेल हार्ट यांनी संगणकावर गणित करून हा पट्टा फारच चिंचोळा ठरवला. पृथ्वी पाच टक्के आत असती तर भाजली असती, टक्काभर बाहेर असती तर गोठली असती!

खरे तर नुसत्या अंतराच्या गणिताला शुक्राने आधीच सुरुंग लावला होता. आकाराने आणि वस्तुमानाने तो पृथ्वीचा सख्खा भाऊ. स्वांते अऱ्हेनियस यांच्यासारख्या नोबेल विजेत्याने १९१८ मध्ये तिथे दलदल आणि हिरवाई कल्पिली होती. डिसेंबर १९६२ मध्ये मरिनर-२ यान शुक्राजवळून गेले आणि ही दलदल कायमची आटली. १ मार्च १९८२ रोजी सोव्हिएत संघाचे व्हेनेरा-१३ तिथे उतरले, तेव्हा बाहेर तापमान होते ४५७ अंश सेल्सिअस आणि हवेचा दाब पृथ्वीच्या ८९ पट. ३२ मिनिटे टिकावे म्हणून बांधलेले ते यान १२७ मिनिटे तग धरून राहिले आणि पायाशी पसरलेल्या चपट्या दगडांची रंगीत छायाचित्रे त्याने धाडली. गंमत म्हणजे शुक्राचे ढग सुमारे तीन-चतुर्थांश ऊन परतवतात, त्यामुळे सूर्याजवळ असूनही तो पृथ्वीपेक्षा कमी ऊन शोषतो. त्याला तापवते ती कार्बन डायऑक्साइडची जाडजूड हवा.

मग पृथ्वी कशी वाचली? वॉकर, हेज आणि कास्टिंग या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये दिलेले उत्तर खडकांत आहे. पावसाचे पाणी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने किंचित आम्ल होते, खडक झिजवते आणि तो कार्बन नद्यांवाटे समुद्रात नेते. तिथे त्याचा चुनखडक होतो. भूपट्ट खाली सरकतात, ज्वालामुखी तोच कार्बन पुन्हा हवेत सोडतात. उष्णता वाढली की झीज वाढते आणि हवेतला कार्बन घटतो. थंडी पडली की उलट. सह्याद्रीचा बेसॉल्ट या कामात चांगलाच तरबेज, आणि कोकणातला जांभा हा अशाच झिजेचा अवशेष. हार्ट यांच्या गणितात ही सोय नव्हती. मंगळाला ती लाभली नाही, कारण पृथ्वीच्या एक-दशांश वस्तुमानाचा तो ग्रह आतून लवकर थंडावला, चुंबकीय कवच गेले, हवा विरली. कोरड्या नद्यांची पात्रे तेवढी उरली.

सूर्यमालेबाहेर हाच प्रश्न अधिक बिकट होतो. २०१७ मध्ये जाहीर झालेली ट्रॅपिस्ट-१ ची सात ग्रहांची मालिका जेमतेम ४० प्रकाशवर्षांवर आहे. तारा लहान, लालसर, पण प्रारणांचे तडाखे देणारा. २०२३ मध्ये वेब दुर्बिणीला सर्वांत आतल्या दोन ग्रहांवर दाट हवेचा पुरावा सापडला नाही. के२-१८बी या ग्रहावरच्या सजीवखुणेच्या दाव्याचा २०२५ मध्ये बराच गाजावाजा झाला, पण इतर गटांनी तीच निरीक्षणे तपासून तो अमान्य केला. अशा दाव्यांना घाईने डोक्यावर घेऊ नये.

पट्टा टाकाऊ नाही. दुर्बिणीचा मोजका वेळ कुठे लावावा हे तो सांगतो. पण त्याच्या आतल्या ग्रहाला हवा आहे का, आणि ती सांभाळणारी भूगर्भाची घडी बसली आहे का, हे तो सांगू शकत नाही. ते शिकायचे तर बिघडलेला सख्खा भाऊ जवळून तपासला पाहिजे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रोच्या शुक्र मोहिमेला १,२३६ कोटी रुपये मंजूर केले आणि प्रक्षेपणासाठी मार्च २०२८ ठरवला. हा मुहूर्त टळू देऊ नये.