स्टॉक स्टेटमेंट कोणासाठी?

कॅश क्रेडिटची सोय घेतलेला व्यापारी बँकेस दरमहा स्टॉक स्टेटमेंट सादर करतो. शिल्लक माल, येणे, देणे यांचा मेळ घालून, मार्जिन वजा करून किती उचल करता येईल हे बँक ठरविते. माझ्या नोकरीच्या काळात अशी असंख्य पत्रके नजरेखालून गेली : मुनीमजींनी भरलेली, शेठजींनी सही केलेली आणि बहुधा शेठजींनी न वाचलेली. कागद बँकेचा, ही समजूत त्याच्या मुळाशी असते. वास्तविक त्यातील माहितीचा पहिला मानकरी दुकानदारच होय.

उधारीचेच पाहा. एकूण येणे 20 लाख दिसले की मनाला दिलासा वाटतो. परंतु त्यांतील 7 लाख नव्वद दिवसांपलीकडचे असतील, तर बहुतेक बँका उचलीसाठी 13 लाखच धरतात. ही वर्गवारी ग्राहकवार करून पाहावी. एखादा जुना, मोठा ग्राहक वर्षाला 5 लाखांचा माल नेतो आणि त्यावर 6 टक्के सुटतात, म्हणजे 30 हजार. तो पैसे मात्र सहा महिन्यांनी देतो. म्हणजे सरासरी अडीच लाख सतत त्याच्याकडे अडकलेले. त्यावर 10 टक्क्यांनी बँकेचे व्याज 25 हजार. हाती उरले 5 हजार, आणि त्यातूनच वसुलीच्या खेपा! अशा ग्राहकास तोडावे असे मी म्हणत नाही. तीन पिढ्यांचा संबंध आकड्यांत मावत नाही. पण पुढच्या खेपेस भाव आणि मुदत ठरविताना हा हिशेब समोर असावा.

मालाचेही तसेच. कापड दुकानात भारी साड्यांत 1 लाख गुंतविले. खरेदीवर 25 टक्के सुटतात, पण माल वर्षातून दोनदाच फिरतो. उत्पन्न 50 हजार. तेवढीच रक्कम अस्तराच्या कापडात घातली, नफा 8 टक्केच, पण माल महिन्याला फिरला, तर वर्षाचे 96 हजार होतात. काउंटरवर टक्का दिसतो, फेरा दिसत नाही. अर्थात, दर्शनी भागातील साडी पाहूनच गिऱ्हाईक पायरी चढते आणि जाताना अस्तरही नेते, हे कोणताही संगणक सांगणार नाही. ते गादीवर बसणाऱ्यालाच ठाऊक.

हल्ली मुले मोबाइलवर रंगीत आलेख दाखवितात. कौतुक आहे, पण निम्मा माल ‘इतर’ या एकाच नावाखाली चढविला असेल, तर त्या आलेखाला अर्थ काय? त्याहून घातक सवय म्हणजे मर्यादा टिकावी म्हणून शिल्लक मालाचा आकडा फुगविणे. बँकेचा निरीक्षक मोजणीस येईल तेव्हा येईल. तोवर घरातली माणसे त्याच आकड्यावर विसंबून नवी खरेदी करतात, भावाभावांच्या वाटणीची बोलणी करतात. प्रत्यक्ष मोजणी होते तेव्हा गोदामात निम्मा माल चालीबाहेरचा निघतो आणि बोलणी मात्र होऊन गेलेली असतात.

तेव्हा या महिन्याचे पत्रक बँकेत धाडण्यापूर्वी एक प्रत गादीपाशी ठेवावी. सहा महिन्यांत न हललेला माल आणि नव्वद दिवसांपलीकडची नावे यांवर लाल शाईने खूण करावी, आणि पुढील खरेदीची ऑर्डर ती प्रत शेजारी ठेवूनच लिहावी. चालीबाहेरच्या मालाचा भाव कसा आणि कधी उतरवावा, हे पुढील अंकी पाहू.