विश्लेषण : शंभर शुभेच्छांपेक्षा ‘अनारसा हसला का?’ हा प्रश्न मोलाचा का?

दिवाळी किंवा नाताळ जवळ आला की मित्रमैत्रिणींचे व्हॉट्सॲप ग्रुप जागे होतात. यंदा कुणाकडे जमायचे, भाजणी कुणी दळून आणायची, केकचा सुकामेवा कधी भिजत घालायचा, यावर दिवसभर मेसेज येत राहतात. अनेकांना हा निव्वळ वेळेचा अपव्यय वाटतो. मात्र एकाकीपणा हा आरोग्याचा प्रश्न असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगू लागल्यापासून या गप्पांकडे गांभीर्याने पाहिले जात आहे. त्यातून खरोखर आधार मिळतो का? आणि नेमका कोणत्या संवादातून?

एकाकीपणा आरोग्याचा प्रश्न कसा?

एकटे राहणे आणि एकाकी वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकटी राहणारी व्यक्ती समाधानी असू शकते आणि भरल्या घरातही एखाद्याला एकाकी वाटू शकते. हवी तशी नाती आणि प्रत्यक्षातली नाती यांतील दरी म्हणजे एकाकीपणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने जून २०२५ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगात दर सहापैकी एका व्यक्तीला एकाकीपणा जाणवतो आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला जातो. हा केवळ श्रीमंत देशांचा आजार नाही. कमी उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के, तर श्रीमंत देशांत सुमारे ११ टक्के आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये, तर जपानने २०२१ मध्ये या प्रश्नाची जबाबदारी थेट मंत्र्यांकडे सोपवली.

सणासुदीत तो अधिक का जाणवतो?

कारण आपले सण मुळात एकट्याने करायचे नव्हतेच. करंज्यांचा घाट घातला की एकीने पारी लाटायची, दुसरीने सारण भरून काठ कातायचे, तिसरीने कढई सांभाळायची. वाड्यात आणि चाळीत आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी असा क्रम चाले. गोव्यात नाताळला नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंका असलेले ‘कुस्वार’ शेजारीपाजारी पाठवले जाते. देवाणघेवाण हाच या पदार्थांचा अर्धा हेतू होता.

आता लग्न, नोकरी, शिक्षण यांमुळे मैत्रिणी पुणे, बंगळूरु, दुबई, न्यू जर्सी अशा विखुरल्या आहेत. फराळाचे पार्सलही दरवेळी पोहोचेलच असे नाही. अमेरिकेने छोट्या पार्सलांवरील आयातशुल्काची सूट काढून घेतल्याने भारतीय टपाल खात्याला २०२५ च्या ऑगस्टअखेर तिकडे वस्तू पाठवणे थांबवावे लागले. ती सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, दिवाळी अगदी तोंडावर आल्यावर. अशा वेळी वाड्यातल्या ओट्याची जागा मोबाइलवरचा ग्रुप घेतो.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात इंटरनेटच्या वाढत्या वापराबरोबर एकाकीपणा किंचित वाढल्याचे दिसले होते. पुढे त्याच कुटुंबांचा पुन्हा मागोवा घेतला असता हा परिणाम बहुतांशी ओसरल्याचे आढळले. म्हणजे इंटरनेट सरसकट चांगले किंवा वाईट नाही.

मग फरक कशाने पडतो? मॉयरा बर्क आणि क्राउट यांनी २०१६ मध्ये सुमारे १९०० फेसबुक वापरकर्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळच्या व्यक्तीने आपल्यासाठी म्हणून शब्द जुळवून लिहिलेल्या मजकुराचा मनःस्वास्थ्यातील सुधारणेशी संबंध दिसला. नुसते ‘लाइक’ मिळणे किंवा सर्वांसाठी टाकलेल्या पोस्ट पाहणे यांचा तसा संबंध दिसला नाही.

फराळाच्या भाषेत सांगायचे तर, दिव्यांचे चित्र असलेली फॉरवर्ड केलेली शुभेच्छा कुणा एकाला उद्देशून नसते. ‘काल तुझा अनारसा तुपात हसला होता, आज जमला का?’ हा प्रश्न मात्र एकीलाच विचारलेला असतो. काल ती काय म्हणाली हे कुणीतरी लक्षात ठेवले आहे, हे त्यातून कळते.

किरकोळ गप्पांचा उपयोग काय?

अडचणीत हाक मारण्याइतकी जवळीक एका दिवसात तयार होत नाही. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर होण्यास सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, तर घट्ट मैत्रीसाठी २०० तासांहून अधिक. हे तास गहन चर्चेत थोडेच जातात? चकली तेलात का विरघळली, मोहन जास्त झाले का, असल्या बोलण्यातच ते साठतात. वडिलांना रात्री रुग्णालयात हलवावे लागले, तर ‘कुणी डबा पोहोचवेल का?’ असे विचारण्याचा संकोच मग वाटत नाही.

खूप दिवसांत बोलणे नसेल, तर ‘आता मेसेज केला तर काय वाटेल’ म्हणून अनेक जण थबकतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेगी लियू आणि सहकाऱ्यांच्या संशोधनानुसार ही शंका बहुधा अनाठायी असते. अशा विचारपूशीने समोरच्याला किती बरे वाटेल, याचा अंदाज आपण कमीच बांधतो.

धोके कोणते?

पहिला धोका गप्प राहणाऱ्यांकडे दुर्लक्ष होण्याचा. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला आहे, तिथे त्या दिवाळीला फराळ करत नाहीत. शेजारी, नातलग ताट नेऊन देतात, अशी रीत अनेक ठिकाणी आहे. वाड्यात कुणाच्या घरी कढई चढली नाही, हे न सांगता कळे. ग्रुपवर ते कळत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये आता १०२४ जण सामावतात. इतक्या गर्दीत एकीचे मौन कुणाच्या लक्षात येणार?

दुसरा धोका फसवणुकीचा. मैत्रिणीचे खाते बळकावून तिच्या नावाने ‘तातडीने पैसे हवेत’ असा मेसेज पाठवण्याचा प्रकार सर्रास होतो. तो नेमका या विश्वासावरच बेतलेला असतो. पैसे पाठवण्याआधी फोन करून तिचा आवाज ऐकणे, ओटीपी कुणालाही न देणे आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवणे, हे पक्के ध्यानात ठेवायला हवे.

मग करायचे काय?

ग्रुप सोडण्याची गरज नाही, त्याचा वापर बदलण्याची आहे. मोठ्या ग्रुपमधून वेळापत्रक ठरावे, विचारपूस मात्र नाव घेऊन, एकेकीची व्हावी. यंदा फोटो न टाकणारी कोण, हे आठवून तिला फोन करावा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्या मावशी-काकूंना भेटीचा दिवस कुणीतरी आठवणीने कळवावा. आणि जिथे पायी जाता येते, तिथे फोटोऐवजी ताटच न्यावे. दूरच्या मैत्रिणीला धीर देण्याचे काम मोबाइल करू शकतो. चार घरे पलीकडे राहणाऱ्या एकट्या आजींच्या दारावरची टकटक मात्र आपल्यालाच करावी लागेल.