उंबऱ्याबाहेरच्या चपला

घरात मृत्यू झाला की पहिल्या तासाभरातच उंबऱ्याबाहेर चपला जमू लागतात. डॉक्टरांचा दाखला कोणी आणायचा, गावाकडे कोणी कळवायचे, रात्री मुलांना कोणाकडे जेवायला पाठवायचे, हे न बोलता ठरत जाते. धर्माने माणसाला जे काही दिले त्यात ही व्यवस्था सर्वांत मोलाची, असे मला वाटते. वाचकहो, आपण श्रद्धेपासून दूर होता तेव्हा देव सोडणे त्या मानाने सोपे जाते. या चपलांचे काय, हा प्रश्न मात्र उरतो. भिवंडीत तो अधिकच बोचतो, कारण आळी, मोहल्ला आणि आडनाव यांवरून माणूस कोणाचा हे ठरवण्याची सवय येथे जुनी आहे.

हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यानंतर दोन महिने पुरे होण्याआधीच, ७ मे रोजी, शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल पेटली. दलवाई ३ मे १९७७ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने गेले. वय अवघे ४४. त्यांच्या इच्छेनुसार कोणत्याही धार्मिक विधीविना त्यांचे दहन झाले. ती इच्छा त्यांनी जिवंतपणीच स्पष्ट करून ठेवली होती आणि ती पाळणारी माणसे भोवती होती. यातली दुसरी गोष्ट पहिलीहून अवघड.

अशी माणसे मिळवायची कशी, याचे एक उत्तर भिवंडीनेच दिलेले आहे. १९८४ मध्ये शहर पुन्हा होरपळले. त्यानंतर १९८८ मध्ये येथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतील रहिवासी आणि त्या भागातील पोलीस एकत्र बसू लागले, नेहमीच्या कुरबुरींवर बोलू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांतील लोक निरीश्वरवादी नव्हते; बहुतेक जण आपापल्या परीने श्रद्धाळूच असतील. परंतु त्यांना जोडणारा धागा गल्लीचा होता, ग्रंथाचा नव्हता. विवेकाने जगू पाहणाऱ्याने नेमके हेच उचलावे. समविचारी माणूस भेटेपर्यंत वाट पाहू नये, शेजारी पुरतो.

आम्हा विवेकवादी मंडळींचा एक दोष येथे कबूल करतो. आमच्या बैठकांत खंडन पुष्कळ होते, विचारपूस थोडी. ज्याच्या घरी आजारपण आहे त्याला युक्तिवादापेक्षा डबा हवा असतो. रुग्णालयात रात्रपाळीने बसणे, रक्त देणे, यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाच्या मुलाला दहावीचे गणित शिकवणे, अशा कामांतूनच माणसे जोडली जातात. त्यासाठी कोणी आपणांस श्रद्धा विचारत नाही.

विवाहाचा मार्ग सरळ आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार ३० दिवसांची नोटीस आणि ३ साक्षीदार लागतात. मृत्यूची तयारी मात्र आपण टाळतो. देहदानाचा अर्ज भरलेला असला तरी अखेरीस निकटच्या वारसांची संमती लागते. म्हणून इच्छा कागदावर लिहून थांबू नका. जेवताना, सर्वांसमक्ष, एकदा तरी मोठ्याने सांगा. वृद्ध आईला ते ऐकवणे कठीण जाईल. तिला आपल्या समाधानासाठी चार शब्दांची प्रार्थना करायची असेल तर करू द्या. त्याने आपली तत्त्वे बाटत नाहीत.

नेत्रदानाला तर वेळ फारच थोडा असतो. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत डोळे काढावे लागतात. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सहसा आड येत नाही. पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी, पंखा बंद करावा आणि नेत्रपेढीला कळवावे. पथक घरी येते. काम १५ ते २० मिनिटांत आटोपते. नेत्रपेढीचा क्रमांक आपल्या दारामागे चिकटवा, आणि शेजारच्या घरातही देऊन ठेवा. त्या घटकेला घरच्यांना काही सुचत नाही. फोन करायचे काम शेजाऱ्याकडेच येते.